पाय जागेवर, छाती गायब

१

माणसाचा भूतकाळ कधी नाहीसा होत नाही. तो सावलीसारखा मागे येतो आणि योग्य वेळी पुढ्यात उभा राहतो, असं थोर लोक सांगून गेले आहेत. लतिका पाटणकरचा भूतकाळ मात्र फ्रँकफर्टमधल्या बोकनहाइमच्या तिसऱ्या मजल्यावरून, बेडरूमच्या कपाटामागून, नाहीसा झाला. तोही नेमका तो पुढ्यात उभा राहायला हवा होता तेव्हा.

तो एक्स-रेच्या फिल्मवर होता. सतराव्या वर्षी सांगलीत लतिकाला क्षय झाला. तिने गोळ्या पूर्ण घेतल्या, ती बरी झाली, आणि शेवटच्या फोटोत उजव्या फुफ्फुसाच्या टोकाला एक पांढरा डाग तेवढा राहिला. "हा आता जन्मभर राहणार. फोटो जपून ठेव," असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने तो निम्मं आयुष्य जपला. जर्मनीने येताना तिची छाती बघायला मागितली नाही. मागितली ती कॅनडाने.

२००५च्या नोव्हेंबरात कॅनडाच्या इमिग्रेशनसाठी मेडिकल झाली. कॅनडाने ठरवून दिलेल्या यादीतल्या जर्मन डॉक्टरांनी नवा फोटो उजेडावर लावला आणि डागावर पेन टेकवलं.

"हे काय?"

"लहानपणी टीबी होता. पूर्ण बरा झालाय."

"असेल. पण एका फोटोवरून मला हा जुना आहे की नवा, कळत नाही. जुना फोटो आणा. डाग तेवढाच असेल तर विषय संपला."

"आणि नाही मिळाला तर?"

"मग थुंकीचे नमुने. त्यात जंतू वाढतात का ते बघायचं. त्या कल्चरला आठ आठवडे. तुम्ही आजारी होतात याला कॅनडाची हरकत नाही. कधी होतात, एवढंच त्यांना कळायला हवं."

आठ आठवडे पाटणकरांकडे नव्हते. लतिकाचा नवरा सिद्धेश ज्या बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळत होता तिचा तो विभाग डिसेंबरअखेर बंद होत होता. नोकरी गेली की मागोमाग राहण्याची परवानगीही जाणार होती. टोरांटोची एक कंपनी जानेवारीपर्यंत थांबायला तयार होती, त्यापुढे नाही.

लतिका घरी आली आणि कपाटामागचं पाकीट तिने ओढून काढलं. त्यावर तिच्याच अक्षरात ‘सिद्धेश, उजवा पाय’ असं लिहिलेलं होतं. आत सिद्धेशचा उजवा पाय होता. त्यामागे लतिकाची छाती असायला हवी होती. ती नव्हती.

२

खालच्या मजल्यावर वैभवी आणि तिचा नवरा हरीश राहत. सध्या नव्वद दिवसांच्या व्हिसावर वैभवीचे वडील, आत्माराम टिपणीस, आले होते. आत्मारामांनी पुण्यात एका विमा कंपनीत तीस वर्षं मृत्यूच्या दाव्यांची चौकशी केली होती. मेलेल्या माणसाने पॉलिसी घेताना जुना आजार लपवला होता, हे त्याच्या विधवेच्या घरी चहा पिऊन सिद्ध करायचं, असं ते काम. ते त्यात निष्णात होते. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांना कोणी फारसं चहाला बोलावत नसे.

"काका, तुम्ही हरवलेलं शोधून काढता ना?" लतिकाने विचारलं.

"मी फक्त आजार शोधून काढतो."

"मग बरोबर माणसाकडे आले."

तिने सगळं सांगितलं. आत्माराम डोळे मिटून ऐकत होते. वैभवीच्या मते ते त्यांचं विचार करणं होतं, हरीशच्या मते झोप.

"सांगलीहून दुसरी प्रत?"

"दवाखान्याचे सगळे कागद तळघरात होते. यंदाच्या पुरात गेले."

"फोटो नवऱ्याच्या पायामागे का?"

"सासरी माहीत नाही. सिद्धेशला मी साखरपुड्याआधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, आईबाबांना नको सांगूस, उगाच घोळ. इथे क्रिकेट खेळताना त्याचा पाय मोडला, तेव्हा त्याच्या फोटोमागे माझा सरकवून दिला. दुसऱ्याच्या पायात कोण डोकावतं?"

"शेवटचा कधी पाहिलास?"

"ऑगस्टमध्ये. सप्टेंबरात आईबाबा आले, मग हातच लावला नाही. काका, तुम्ही सगळ्यांना विचारा. फक्त काय हरवलंय ते सांगू नका."

"म्हणजे चोर शोधायचा आणि चोरी लपवायची."

"हो."

तीस वर्षं लपवणाऱ्यांच्या मागे फिरलेल्या माणसाला आज पहिल्यांदा लपवणाऱ्याने कामाला ठेवलं होतं. आत्मारामांनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं.

"पाय जागेवर आहे, हे वाईट झालं," ते म्हणाले.

"का?"

"पाकीट चुकून गेलं असतं तर दोन्ही गेले असते. कोणीतरी आत बघितलं, दोन्ही पाहिले, आणि निवड केली."

३

पहिला संशय जावयावर होता. पाटणकर गावाला गेले की त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायला हरीशकडे किल्ली असे. शिवाय टोरांटोच्या त्याच जागेसाठी हरीशनेही मुलाखत दिली होती आणि त्याचा नंबर दुसरा लागला होता.

"वरच्या घरातून एक वस्तू गेलीये," आत्माराम नाश्त्याला म्हणाले.

"कोणती? कॅमेरा?" हरीशने ब्रेड खाली ठेवला. "तो मी विचारून आणलाय. ड्रिल मशीन? तेही विचारून. बाबा, तुम्ही माझी चौकशी करताय?"

"सवय रे."

"तरीच इथले लोक सासऱ्यांना नाताळालाच बोलावतात."

दुसरा संशय सिद्धेशवर. तो यू-बान मेट्रोच्या फलाटावर भेटला. त्याला काय हरवलंय ते माहीत होतं, त्यामुळे आत्मारामांनी सरळच विचारलं.

"तुला कॅनडाला जायचंय का?"

"नाही. मला इथेच राहायचंय. टोरांटोच्या मुलाखतीतसुद्धा मी तीनदा ‘एक्झॅक्टली’ऐवजी जर्मन ‘गेनाऊ’ म्हणालो. पण डिसेंबरनंतर मला इथे ठेवून कोण घेतंय? आणि काका, तो फोटो मला नकोसा असता तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच फाडला असता. इतक्या वर्षांनी कशाला? आता तेवढाच कामाचा कागद आहे आमच्याकडे."

गाडी आली. सिद्धेश चढला. खिडकीतून तो आत्मारामांकडे बघत राहिला, घर सोडून जाणारा माणूस कुलपाकडे बघतो तसा.

मग लतिकाच्या सासूबाई, अरुंधतीबाई. त्या पोळ्या लाटत होत्या.

"वहिनी, घरातली एक वस्तू हरवलीये म्हणे."

"जागच्या जागी ठेवली की हरवत नाही," त्या म्हणाल्या. लाटणं थांबलं नाही.

सासरे, दिनकरराव, खाली अंगणात कचरापेट्यांपाशी सापडले. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. जर्मनीत आल्यापासून कचऱ्याचं वर्गीकरण हा विषय त्यांनी स्वतःकडे घेतला होता. कागद निळ्या पेटीत, प्लास्टिक पिवळ्या पिशवीत, आणि दोन्हीत न बसणाऱ्या गोष्टींवर ते संध्याकाळी घरात चर्चा घेत.

"वस्तू ना? सापडेल हो," पिवळ्या पिशवीचं तोंड बांधत ते म्हणाले. "या लोकांची शिस्त बघा आणि आपली बघा. पण तुम्हाला सांगतो टिपणीस, आपलीही येते कधीकधी. ग्रहणाच्या दिवशी आपल्या मराठी मंडळाची माणसं माइन नदीकाठी कशी रांगेत उभी होती! दुकानातले चष्मे संपले होते. भागवलं की नाही आपण?"

"भागवलंत."

आत्माराम जिना चढू लागले. धंद्यातला त्यांचा एकच नियम होता. वस्तू हरवली म्हटलं की निरपराध माणूस आधी विचारतो, ‘काय हरवलं?’ हरीशने तर घरातल्या निम्म्या वस्तूंची कबुली दिली होती.

दोघांनी विचारलं नव्हतं. आणि ते दोघं एकाच खोलीत झोपत होते.

४

तुर्की दुकानात अरुंधतीबाई कोथिंबिरीच्या जुड्या हुंगून बघत होत्या. आत्माराम पिशवी धरून मागे उभे होते.

"वहिनी, काय हरवलं ते तुम्ही विचारलंच नाहीत."

त्यांनी एक जुडी परत ठेवली, दुसरी घेतली.

"छातीचा फोटोच ना?"

आत्मारामांच्या हातातल्या पिशवीतून एक लिंबू निसटलं आणि घरंगळत ऑलिव्हच्या पिंपांपर्यंत गेलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"लग्नाच्या आधीपासून. तिची मावशी येऊन रडून सांगून गेली. मी म्हटलं, पोर बरी झाली ना? मग झालं तर. माझी अट एकच होती. ह्यांना कळता कामा नये."

"का?"

"ह्यांची धाकटी बहीण यातच गेली. लता. मागच्या खोलीत ठेवली होती तिला. ताट वेगळं, वाटी वेगळी. लोकांना सांगितलं, मामाकडे गेलीये. गेली तेव्हाही आठवडाभर लोकांच्या लेखी ती मामाकडेच होती. हे तेव्हा शाळेत होते. अजून कोणी खोकलं की उठून दुसऱ्या खोलीत जातात. कळलं असतं तर हे लग्न झालं असतं का?"

"आणि फोटो?"

"कपाट झाडताना पाकीट दिसलं. उघडलं, बघितलं, होतं तसं ठेवलं. मी कशाला नेऊ?"

"तुम्हाला माहीत आहे, हे सुनेला सांगितलंत?"

"कशाला?" अरुंधतीबाई म्हणाल्या. "बिचारी किती मेहनत घेऊन लपवते. तिचा हिरमोड कशाला करायचा?"

पैसे देऊन त्या बाहेर आल्या. दारात थांबून म्हणाल्या, "आणि भाऊजी, ह्यांच्यापाशी एक शब्द काढायचा नाही. तुमच्या मुलीची शपथ."

५

त्या दिवशी आत्माराम एकटे परत येत असताना यू-बानमध्ये तिकीट तपासनीस चढले.

"फार्कार्टे, बिट्टे."

आत्मारामांनी ओव्हरकोटाच्या खिशात हात घातला आणि हाताला लागलं ते पुढे केलं. तपासनीसाने ते घेतलं. गुळगुळीत, काळं, तळव्याएवढं. त्याने ते डब्यातल्या दिव्यासमोर धरलं, उलटं करून धरलं, आणि जर्मनीतल्या कोणत्याच झोनमध्ये हे चालत नाही अशा चेहऱ्याने परत केलं.

दिव्यासमोर धरलेलं असताना आत्मारामांनाही ते दिसलं. काळ्या तुकड्यावरून दोन करड्या पट्ट्या गेल्या होत्या, बांगडीच्या तुकड्यांसारख्या वाकलेल्या.

पायात बरगड्या नसतात.

ग्रहण तीन ऑक्टोबरला होतं. सुट्टीचा दिवस म्हणून मंडळाने माइनकाठी सर्वांना बोलावलं होतं. दिनकररावांनी चंद्राच्या कक्षेवर भाषण केलं आणि मग घरटी एक असे काळे तुकडे वाटले. ‘जुना एक्स-रे आहे, यातून बघा,’ म्हणाले. कोणालाच नवल वाटलं नाही. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी सूर्याकडे कोणाच्या ना कोणाच्या हाडांतून बघत मोठी झाली आहे. आत्मारामांनी आपला तुकडा खिशात टाकला होता आणि विसरून गेले होते.

ज्या पुराव्यासाठी ते दारोदार फिरत होते, तो महिनाभर त्यांच्याच कोटात होता. खरं तिकीट सापडेपर्यंत त्यांचं स्टेशन गेलं होतं.

६

"दिनकरराव, ग्रहणाला पाय चालला असता," आत्माराम म्हणाले.

दोघं अंगणातल्या बाकावर बसले होते. दिनकरराव दह्याचे डबे विसळून पिशवीत टाकत होते. ते थांबले.

"पाकिटावर पाय लिहिलेलं होतं," आत्माराम पुढे म्हणाले. "तुम्ही पायच आणायला गेला होतात. पाय वरच होता आणि त्याच्याभोवती हवा तेवढा काळा भाग होता. तरी तुम्ही तो परत ठेवलात आणि मागची छाती घेतलीत. म्हणजे ग्रहणासाठी फोटो कापला नाहीत. फोटो कापायला ग्रहण सापडलं."

दिनकररावांनी डबा खाली ठेवला.

"कोपऱ्यात तिचं माहेरचं नाव होतं," ते म्हणाले. "तारीख होती. आणि वर तो डाग. लताच्या फोटोतही तिथेच होता. टिपणीस, आमच्या घरी एकदा कळलं आणि मग ती मुलगी माणसात राहिली नाही. मी दाराच्या फटीतून तिच्याशी बोलायचो. मला वाटलं, लतिकाच्या हातून पाकीट कधीतरी बाहेर राहील, आमच्या हिच्या हाती लागेल, आणि पुन्हा तेच सुरू होईल. त्यात कॅनडाचं चाललेलं. म्हटलं, पुरावाच नको."

"तुकड्यांखेरीज राहिलेलं?"

"ग्रहणाला काळाच भाग लागतो. पांढरा होता तो सगळा, डाग, मधली हाडं, नावाचा कोपरा, बारीक करून..." त्यांनी पिवळ्या पिशवीकडे पाहिलं.

आत्मारामांनी तीस वर्षांत अनेकांना वाईट बातमी दिली होती आणि ती नेहमी एकाच आवाजात दिली होती. आज तो आवाज लागायला वेळ लागला.

"डाग लपत नाही, दिनकरराव. तो तिच्या छातीत आहे. डॉक्टरांनी नव्या फोटोत बघितला. तो जुना आहे, वाढलेला नाही, हे सांगणारी जगात एकच वस्तू होती. तुम्ही आजाराचा पुरावा म्हणून फेकलात. तो बरं झाल्याचा पुरावा होता."

दुसऱ्या मजल्यावरच्या जर्मन आजी खिडकीतून पेट्यांवर लक्ष ठेवून होत्या.

"मग आता?"

"आठ आठवडे. कदाचित जास्त."

"आणि सिद्धेशची नोकरी?"

आत्मारामांनी खिशातला काळा तुकडा बोटांनी चाचपला.

"माझ्या सुनेसाठी केलं हो मी," दिनकरराव म्हणाले. त्यांनी तोच विसळलेला डबा उचलला आणि पुन्हा विसळू लागले. "एक करा. आमच्या हिला सांगू नका. लतिकाला तिने घरात कशालाही बोट लावू दिलं नसतं. अजून तिला यातलं काही माहीत नाही."

७

लतिकाला सांगणं भाग होतं. ती ऐकत असताना हातातली चहाची पातेली तशीच राहिली.

"विचारायचं तरी मला," ती अखेर म्हणाली. मग हसल्यासारखं काहीतरी केलं. "पण विचारणार काय? मी नाहीच म्हणाले असते."

"त्यांच्याशी बोलतेस?"

"नको. मला कळलंय हे बाबांना सांगू नका. मरेपर्यंत माझ्यासमोर मान वर करणार नाहीत ते."

आत्मारामांनी मान डोलावली. वरच्या फ्लॅटमध्ये चार माणसं होती. चौघांनाही तो आजार ठाऊक होता आणि तरी त्या घरात तो जिवाच्या आकांताने लपवला जात होता. हयातभर ज्या गुन्ह्यासाठी त्यांनी विधवांचे दावे नामंजूर केले, त्याचे ते आता मुख्य कोठारपाल होते.

मंडळाच्या घरोघरी जाऊन त्यांनी तुकडे गोळा केले. ‘पुढच्या ग्रहणाला लागतील,’ असं सांगितलं. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते आणि लतिका डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी तुकडे एकेक करून उजेडाच्या पेटीवर मांडले. आत्मारामांनी कोटातून आपला काढून शेवटी लावला. दोन्ही फुफ्फुसं जवळजवळ पूर्ण झाली. उजव्याच्या टोकाला मात्र रिकामी जागा होती आणि तिच्यातून पेटीचा दिवा डोळ्यांवर येत होता.

"यात काहीच दोष दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "नाव?"

"नाही."

"तारीख?"

"नाही."

"मग हे कोणाचंही असू शकतं. निरोगी माणूस आहे, एवढं सांगतो. तेव्हा, थुंकीचे नमुने." त्यांनी एका तुकड्याची कातरलेली कड निरखून पाहिली. "हे असं कापलंय कशाला?"

"सूर्यग्रहण," लतिका म्हणाली.

डॉक्टरांनी पहिल्यांदाच काळजीने तिच्याकडे पाहिलं. "यातून सूर्याकडे कधीही बघू नका. डोळे जातात."

फेब्रुवारीत रिपोर्ट आला. कल्चरमध्ये काहीही उगवलं नव्हतं. तोवर टोरांटोची जागा दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराला गेली होती. हरीशच्या छातीत डाग नव्हता. त्याने जाताना ड्रिल मशीन आठवणीने वर नेलं, तेव्हा वरचा फ्लॅट रिकामा होता.

सिद्धेश आणि लतिका पुण्याला, दिनकररावांच्या दोन खोल्यांत गेले. सिद्धेश नोकरी शोधत होता. तिथे सर्दीने लतिकाला खोकला आला की अरुंधतीबाई घाईने रेडिओ मोठा करत, म्हणजे ह्यांना ऐकू जाऊ नये. दिनकरराव आता उठून जात नसत. खुर्चीचे हात धरून बसून राहत, म्हणजे हिला संशय येऊ नये. लतिका तोंडावर पदर दाबे, म्हणजे दोघांनाही काही कळू नये.

फ्रँकफर्टवर त्या तीन ऑक्टोबरला सकाळपासून ढग होते. ग्रहण कोणालाच दिसलं नव्हतं.